नाव झाकलेला लिफाफा

मराठी कथेचा इतिहास सांगताना अभ्यासक नियतकालिकांची नावे घेतात आणि ते योग्यच आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये ‘मनोरंजन’ काढले. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘यशवंत’, ‘सत्यकथा’ यांचा काळ आला आणि स्फुट गोष्टीची लघुकथा व लघुकथेची नुसती ‘कथा’ झाली. या इतिहासात कथास्पर्धांना मात्र फारशी जागा मिळत नाही. स्पर्धा म्हणजे हौशी मंडळींचा विरंगुळा, असा एक समज रूढ आहे. आम्हांस तो पटत नाही. मराठीच्या मुख्य पेठेपासून दूर राहणाऱ्या कोणासही तो पटू नये, असे आमचे मत आहे.

बालाघाट हा जुन्या मध्यप्रांतातील नागपूर विभागाचा जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. वैनगंगा पूर्वीसारखीच भंडाऱ्याकडे वाहत राहिली, गोंदियाशी असलेले सोयरसंबंधही तुटले नाहीत. परंतु सरकारी कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागला आणि मुलांची शाळा हिंदीत भरू लागली. अशा गावी मराठी घरातील कोणी कथा लिहिली, तर ती वाचणार कोण आणि छापणार कोण? संपादकांशी ओळख नाही, साहित्यिकांच्या बैठकीत ऊठबस नाही. त्यास खात्रीचा मार्ग एकच. कागदाच्या एका बाजूस सुवाच्य अक्षरात उतरवलेली कथा, वेगळ्या चिठ्ठीवर नाव-पत्ता, आणि पुरेशी तिकिटे लावलेला लिफाफा.

या चिठ्ठीचे महत्त्व आम्हांस शासकीय सेवेत कळले. निविदा सीलबंद का मागवतात, हे ज्याने त्या उघडल्या आहेत त्यास सांगावे लागत नाही. नाव आधी दिसले, की आकडाही निराळा दिसू लागतो. कथेचेही तसेच आहे. कथास्पर्धेची खरी देणगी पारितोषिकाची रक्कम नव्हे; लेखक कोण हे ठाऊक नसलेला एक वाचक मिळणे, ही ती देणगी.

याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण १९७४ चे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. डॉ. जयंत नारळीकर त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६५ मध्येच पद्मभूषण मिळालेले त्यांचे नाव घरोघरी ठाऊक होते. अहमदाबाद येथील एका परिषदेत व्याख्यान कंटाळवाणे झाले, तेव्हा त्यांनी तेथेच कथा लिहावयास घेतली. ती ‘कृष्णविवर’. परंतु ती स्वतःच्या नावे पाठविली, तर परीक्षक कथेस नव्हे, शास्त्रज्ञास गुण देतील, ही शंका त्यांच्या मनात होती. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. परिषदेत त्यांचे अक्षर ओळखीचे असल्याने कथेची नक्कल पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात झाली. जगतापांना पहिला क्रमांक मिळाला. मराठी विज्ञानकथेस एक नवा लेखक लाभला, तो असा.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. परंतु वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक असल्याने त्यांचे बालपण व शिक्षण काशीस झाले. म्हणजे आजूबाजूस हिंदी आणि घरात मराठी. आपल्या येथील मुलांची स्थिती याहून वेगळी नाही. मराठीत कथा लिहिण्यासाठी सदाशिव पेठेत जन्मावे लागते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. दिवाकर कृष्ण हैदराबादेत वकिली करीत आणि जी. ए. कुलकर्णी धारवाडात अध्यापन करीत; त्यांच्या कथाही टपालानेच मराठी वाचकांकडे आल्या.

बंगालीतील इतिहासही हेच सांगतो. कलकत्त्याचे उद्योजक हेमेंद्रमोहन बसू यांनी आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या नावाने १८९६ मध्ये कथास्पर्धा सुरू केली. कथेत तेलाचा उल्लेख यावा, मात्र तो जाहिरातीसारखा वाटू नये, अशी गमतीची अट होती. पहिल्याच वर्षीचे पारितोषिक जगदीशचंद्र बसू या शास्त्रज्ञाच्या कथेस मिळाले. १९०३ मध्ये ‘मंदिर’ या कथेस पारितोषिक मिळाले. कथेवर नाव सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय यांचे होते, लेखक मात्र त्यांचे भाचे शरच्चंद्र चट्टोपाध्याय. ते त्याच वर्षी पोटापाण्यासाठी रंगूनला गेले. नारळीकरांनी नाव लपविले ते प्रसिद्धी होती म्हणून. शरच्चंद्रांचे नाव तर तेव्हा कोणास ठाऊकही नव्हते. नाव झाकल्यामुळे दोघांस मिळाले ते एकच: निव्वळ कथेचे वाचन.

हे सर्व लिहिताना एक कबुली देणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्थानिक कथास्पर्धेचे परीक्षण आम्ही केले. नावे झाकलेली होती. पण एका कथेचे अक्षर ओळखीचे निघाले. लेखक आमचे स्नेही होते. आम्ही त्यांस दोन गुण सढळ हाताने दिले आणि त्यामुळे दुसरी एक कथा तिसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर गेली. चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा कळले की ती वारासिवनीकडील एका खेड्यातील मुलीची होती. मराठी कच्ची होती, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, पण कथा जिवंत होती. पुढील वर्षी तिचा लिफाफा आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही. स्नेह्यांस त्या तिसऱ्या क्रमांकाची आज आठवणही नसेल.

स्पर्धेने लेखक घडत नाही, हे खरेच. ‘कृष्णविवर’नंतर नारळीकर लिहीत राहिले, १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. हे सारे त्यांच्या सातत्याचे फळ. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. परंतु पहिले पाऊल पडण्यास स्पर्धेचे निमित्त लागले, हेही तितकेच खरे. ठरलेली शब्दमर्यादा, ठरलेली तारीख आणि अनोळखी वाचक, या तीन गोष्टी नवोदितास घरबसल्या अन्यत्र मिळत नाहीत.

आता कथा संगणकावर टंकलेल्या येतात. अक्षर ओळखू येत नाही. कधी कधी मात्र लेखकाचाच दूरध्वनी येतो. म्हणून मंडळातील सुहृदांस विनंती एवढीच, की आपल्याकडे स्पर्धा होईल तेव्हा पारितोषिक लहान असले तरी चालेल, चिठ्ठी मात्र निकाल लागेपर्यंत बंद राहावी. या जिल्ह्यात मराठीत कथा लिहिणारी मुले आता थोडी उरली आहेत. त्यांतील एकीचा लिफाफा आमच्या हातून कायमचा मिटला. दुसरा मिटू नये.