व्यस्त समस्या आणि पाठांतराचा धोका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अपुऱ्या मोजमापांवरून मूळ वस्तूचे स्वरूप शोधण्याच्या प्रश्नास विज्ञानात ‘व्यस्त समस्या’ असे म्हणतात. क्ष-किरणांच्या मोजमापांवरून शरीराचा छेद दाखविणारा सी.टी. स्कॅन (१९७१) आणि जुन्नर तालुक्यातील खोडद येथील, ३० अँटेनांच्या साहाय्याने आकाशाचे चित्र उभे करणारी जी.एम.आर.टी. दुर्बीण ही त्याची उदाहरणे होत.

पाठांतराचा धोका :
मोजमापे अपुरी असल्यास त्यांच्याशी एकाहून अधिक चित्रे जुळतात. उरलेली जागा कशाने भरावयाची, हाच कळीचा मुद्दा ठरतो. अलीकडे हे काम जनरेटिव्ह मॉडेलकडे सोपविले जाते. असंख्य चित्रांवरून संभाव्य चित्र कसे असेल, हे ते शिकते. परंतु प्रशिक्षणाची सामग्री थोडी अथवा वारंवार आलेली असल्यास ते शिकण्याऐवजी पाठ करते. २०२३ मध्ये संशोधकांनी अशा मॉडेलमधून प्रशिक्षणातील शंभराहून अधिक चित्रे जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढून दाखविली. वैद्यकीय क्षेत्रात असे घडल्यास एका रुग्णाच्या चित्रात दुसऱ्याच रुग्णाची व्याधी उमटू शकते. शिवाय चाचणीची चित्रे प्रशिक्षणातही असतील, तर पाठांतरालाच अचूकता समजले जाईल.

पुण्यातील पूर्वानुभव :
मानव्यविद्यांना हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. उपलब्ध हस्तलिखितांवरून लुप्त झालेल्या जुन्या पाठाकडे जाणे, हीदेखील एका अर्थी व्यस्त समस्याच होय. येथेही पाठांतराचा अडसर असतो : लेखनिकाला मुखोद्गत असलेला श्लोक समोरच्या पोथीतील शब्दांची जागा घेतो आणि नक्कल निर्दोष भासते. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुकथनकर यांनी कल्पनेने पाठ सुधारण्याचा मोह कटाक्षाने टाळला. पाठभेद तळटीपांत नोंदविले गेले आणि संहितेतील कमी खात्रीच्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली गेली.

निष्कर्ष :
या रेघेमुळे पुरावा कोठे संपतो व अनुमान कोठे सुरू होते, हे वाचकास कळते. जनरेटिव्ह मॉडेलने दिलेले चित्र मात्र सर्वत्र सारखेच ठळक दिसते. म्हणून प्रशिक्षणातील निकटतम चित्राशी पडताळणी, एकाच मोजमापावरून अनेक उत्तरे काढून त्यांतील भेदांची नोंद आणि अनिश्चित भागाची स्पष्ट खूण या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. अन्यथा शोध लागला असे वाटेल, प्रत्यक्षात ती केवळ आठवण असेल.