बंड मोडल्याचा खर्च कुणाच्या नावावर?

राज्य बदललं की जुन्या सरकारचं कर्ज कुणी फेडायचं? आज मी आपल्याच देशाचं खातं उघडतो.

1858 साली कंपनीचं राज्य संपलं आणि राणीचं राज्य आलं. दुकान विकलं गेलं, तर पैसे विकत घेणारा देतो. इथे किंमत दुकानाच्याच गल्ल्यातून दिली गेली! ब्रिटिश संसदेच्या कायद्याने कंपनीचं कर्ज आणि तिच्या भागधारकांचा लाभांश, दोन्ही हिंदुस्थानच्या महसुलावर टाकले. दर साल साडेदहा टक्क्यांचा हा लाभांश 1874 पर्यंत चालू होता.

त्यातच 1857 चा उठाव मोडण्याचा खर्च आला, सुमारे 4 कोटी पौंड. रमेशचंद्र दत्तांनी त्यावर कठोर टीका केली आहे. ज्या झाशी-कानपूरवर तोफा चालल्या, तिथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच त्या तोफांचा खर्च वसूल झाला.

चाळीस वर्षांनी क्युबाचं उदाहरण घडलं. 1898 च्या पॅरिस वाटाघाटीत स्पेन म्हणालं, क्युबाचं कर्ज आता आमचं नाही. अमेरिकेने उत्तर दिलं की क्युबाच्या लोकांना दडपण्यासाठी काढलेलं कर्ज त्याच लोकांवर लादता येणार नाही. हा युक्तिवाद आपल्या बाजूने करणारं 1858 साली त्या संसदेत आपलं कुणीच नव्हतं.

पुढे काँग्रेसने हा विषय हाती घेतला. 1922 च्या गया अधिवेशनात ठरलं की आजवरचं कर्ज, योग्य असो की अयोग्य, आम्ही मानू; यापुढचं मानणार नाही. 1931 मध्ये भुलाभाई देसाई, के. टी. शाह, कुमारप्पा यांच्या समितीने कंपनीच्या काळापासूनचा हिशेबच तपासायला घेतला.

1947 ला मात्र भारताने अविभाजित हिंदुस्थानच्या सार्वजनिक कर्जाची जबाबदारी स्वीकारली. पाकिस्तानने आपला वाटा 50 वार्षिक हप्त्यांत भारताला द्यायचा होता. ते सुमारे 300 कोटी रुपये पुढे कित्येक दशकं आपल्या सरकारी कागदपत्रांत येणे म्हणून दिसत राहिले.

माझं मत सांगतो. नव्या राष्ट्राला जगात पत लागते, म्हणून 1947 चा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. पण पतीसाठी कर्ज फेडणं वेगळं आणि ते कर्ज न्याय्य होतं असं मानणं वेगळं. पैसा कुणी घेतला, कुणाच्या संमतीने आणि कुणावर खर्च केला, हे तीन प्रश्न कर्ज फिटल्यावरही विचारायलाच हवेत.