मिरजी तंबोरा (ओळख व दुरुस्ती)

मिरजी तंबोरा हे सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडवले जाणारे, अखंड स्वराधार देणारे तंतुवाद्य आहे. हिंदुस्थानी गायनात त्याचा सर्वत्र वापर होतो. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या मिरजी वाद्यांवर बहुधा अनुक्रमांक किंवा निर्मितीचे वर्ष नसते. त्यामुळे वाद्य कोणत्या काळातले आहे, त्याचा कोणता भाग मूळचा आहे आणि कोणता नंतर बदललेला आहे, हे वाद्य पाहूनच ठरवावे लागते. चुकीच्या दुरुस्तीने हा पुरावा नाहीसा होतो, म्हणून ओळख आणि दुरुस्ती यांचा विचार एकत्र केला जातो.

== पार्श्वभूमी ==

मिरजेतील वाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला असे मानले जाते. हे काम हाती घेणारे कारागीर शिकलगार समाजाचे होते. शस्त्रांना धार व झिलई देणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. मराठी सत्तेच्या अस्तानंतर शस्त्रांची मागणी घटली आणि हातातले कसब दुसरीकडे वळवणे भाग पडले. मिरज संस्थानात गवयांची ये-जा असे. त्यांची बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेब यांनी नवी वाद्ये घडवण्यास प्रारंभ केला, असे परंपरेने सांगितले जाते. या परंपरेनुसार मिरजेच्या वाद्यनिर्मितीचा जन्म दुरुस्तीतून झाला. या घराण्यांतील अनेकांनी पुढे ‘सतारमेकर’ हे आडनाव धारण केले.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेतच गायनाचे शिक्षण घेतले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य अखेरपर्यंत मिरजेस होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात असून तेथे दरवर्षी संगीतसभा होते. सुरेल तंबोऱ्याविषयी आग्रही असणाऱ्या गायकांच्या या सान्निध्यामुळे मिरजेच्या कारागिरांच्या कामाची सतत पारख होत राहिली.

== रचना ==

तंबोऱ्याचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

* भोपळा – वाद्याचे पोट. यासाठी कडू भोपळ्याची मोठी, जाड सालीची फळे वाळवून वापरतात. मिरजेला ती मुख्यतः पंढरपूर–मंगळवेढे परिसरातून, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातून येतात. वाळलेले फळ पाण्यात भिजवून कापतात, आतील गर खरवडतात आणि काठ्यांचा आधार देऊन हव्या आकारात पुन्हा वाळवतात.
* तबली – भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली, किंचित फुगीर लाकडी फळी. ती बहुधा तून या झाडाच्या लाकडाची असते.
* दांडी व गळा – दांडी आतून पोकळ असते. ती भोपळ्याला जेथे जोडली जाते त्या लाकडी भागाला गळा म्हणतात.
* घोडी – तबलीवरील रुंद, वक्र पृष्ठाचा आधार. तारा तिच्यावरून जातात.
* अटी व तारदान – दांडीच्या वरच्या टोकाकडील दोन पट्ट्या. तारा तारदानाच्या छिद्रांतून खुंट्यांकडे जातात.
* खुंट्या, मणी व सूत – खुंट्यांनी तार चढवतात वा उतरवतात, मण्यांनी सूक्ष्म मेळ साधतात आणि घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताने जवारी लावतात.

पुरुष गायकांसाठीचा तंबोरा साधारण पाच फूट लांबीचा असतो. तो सुमारे पांढरी एक ते काळी दोन या पट्टीत मिळवतात. स्त्रियांसाठीचा तंबोरा त्याहून फूटभर आखूड असतो आणि पांढरी पाच ते काळी पाच या पट्टीत लागतो. तंजावरी तंबोऱ्याचे पोट भोपळ्याचे नसून फणसाच्या लाकडाचे कोरलेले असते. त्यामुळे मिरजी व तंजावरी वाद्ये सहज वेगळी ओळखता येतात.

== ओळख ==

=== टिकणारे व झिजणारे भाग ===

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे वाद्याच्या भागांचे दोन गट करणे. तारा, सूत, मणी, खुंट्या व घोडी हे झिजणारे भाग होत. नित्य वापरातील वाद्यात ते अनेकदा बदललेले असतात. भोपळा, तबली, गळा व दांडी हे वाद्याचे शरीर होय. घोडी नवी दिसते म्हणून वाद्य नवे ठरत नाही, आणि खुंट्या जुन्या आहेत म्हणून सगळे वाद्य जुने मानता येत नाही. वयाचा निर्णय नेहमी दुसऱ्या गटावरून करावा.

=== सरस व पॉलिश ===

जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी व हाडांपासून केलेल्या डिंकाने, जोडलेले असतात. वाळलेला सरस तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो आणि ऊब व ओलावा मिळताच मऊ होतो. पांढरा कृत्रिम डिंक वाळल्यावर चिवट राहतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. त्यामुळे सांध्यात असा डिंक आढळल्यास ते काम त्यानंतरचे आहे, एवढे निश्चित म्हणता येते. वाद्य त्याहून बरेच जुने असू शकते.

पॉलिशचीही अशीच परीक्षा होते. लाखेचे पॉलिश स्पिरिटने मऊ होते, तर आधुनिक कृत्रिम लेप सहसा होत नाही. ही चाचणी खुंटीखालच्या किंवा पाठीमागच्या झाकल्या जाणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने करतात. अतिनील प्रकाशात लाखेचा लेप नारिंगी छटेने चमकतो. त्यामुळे नंतर लेप दिलेले भाग वाद्याला हात न लावताही ओळखता येतात.

=== सजावट ===

जुन्या उंची वाद्यांवर हस्तिदंताचे किंवा शिंगाचे जडावकाम आढळते. पुढे त्याची जागा सेल्युलॉइडने व नंतर प्लास्टिकने घेतली. हस्तिदंतात बारीक नैसर्गिक रेषा दिसतात. सेल्युलॉइड कालांतराने पिवळे पडते, आक्रसते आणि घासल्यास त्याला कापरासारखा वास येतो. तापवलेल्या सुईने परीक्षा करण्याची जुनी पद्धत धोक्याची आहे, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेते.

=== नावे व सन ===

वाद्यावरील नाव नेहमी कारागिराचेच असते असे नाही. ते विक्रेत्याचे, मालकाचे किंवा दात्याचे असू शकते. देवळाच्या वा भजनी मंडळाच्या वाद्यावर दात्याचे नाव व सन कोरलेला असेल तर तो महत्त्वाचा पुरावा होय. तेथे गणना कोणती आहे ते आधी पाहावे. शके असल्यास ७८ मिळवून आणि विक्रम संवत असल्यास ५७ वजा करून स्थूलमानाने इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, शके १८५० म्हणजे इ.स. १९२८-२९. मात्र हा सन दानाचा असतो. वाद्य त्याआधी घडलेले असू शकते.

== अमेरिकी मेंडोलिनशी तुलना ==

जुन्या तंतुवाद्यांच्या ओळखीचे सर्वांत सुव्यवस्थित उदाहरण म्हणून अमेरिकेतील गिब्सन मेंडोलिनकडे पाहता येते. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे १९०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या वाद्यांत आतल्या बाजूस कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तिच्यावर अनुक्रमांक लिहिलेला असे. १९२२ ते १९२४ या काळातील एफ-५ या प्रकारच्या मेंडोलिनांत लॉइड लोअर यांच्या स्वाक्षरीची दिनांकित चिठ्ठीही आढळते. या नोंदींमुळे अभ्यासकांना एकेका वाद्याचा मागोवा घेता आला.

मिरजेत वाद्यनिर्मिती घराघरांतून झाली. कारखान्याच्या वहीसारखी नोंद मागे राहिली नाही. म्हणून येथे वाद्याचे शरीर हेच दप्तर ठरते. मेंडोलिनचे मूळ पॉलिश खरवडले तर संग्राहक त्याचे मोल कमी करतात, पण चिठ्ठीमुळे वाद्याची ओळख तरी शिल्लक राहते. तंबोऱ्याचे पॉलिश, सांधे व सजावट एकाच वेळी बदलली, तर त्याची ओळख पटवण्यास फारसे काही उरत नाही.

== बिघाड व दुरुस्ती ==

गळ्याचा सांधा. तारांचा ताण वर्षानुवर्षे दांडीला पुढे ओढत राहतो. सांधा सैल झाला की दांडी झुकते, तारांची तबलीपासूनची उंची बदलते आणि जवारी टिकत नाही. सरसाचा सांधा ऊब व ओलावा देऊन उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा सरसानेच बसवता येतो. त्यात खिळे किंवा स्क्रू ठोकल्यास लाकूड फाटते आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

भोपळ्याला तडा. धक्क्याने किंवा कोरड्या हवेने भोपळा तडकतो. तड्याच्या कडा जुळवून सरस भरतात व आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवतात. तुकडा हरवला असल्यास तेवढ्याच जाडीचा भोपळ्याचाच तुकडा बसवतात. बाहेरून घट्ट लांबी भरल्यास तडा झाकला जातो, पण जोडला जात नाही.

तबली दबणे. घोडीखालची जागा खचल्यास तबली काढून आतून आधार देता येतो. संपूर्ण तबली बदलणे हा शेवटचा उपाय समजावा, कारण नादाचा मोठा भाग तबलीच्या लाकडावर व जाडीवर अवलंबून असतो.

खुंट्या घसरणे. किरकोळ दोषावर खडू लावणे पुरते. छिद्र फार मोठे झाले असल्यास ते लाकडाने भरून नव्याने पाडतात.

जवारी. घोडीचे पृष्ठ तारांच्या घर्षणाने खाचते आणि आवाज बसका होतो. मग कारागीर कानाने ऐकत ते पृष्ठ कानशीने व घासकागदाने पुन्हा वक्र करतो. खुली व बंद असे जवारीचे प्रकार गायकाच्या पसंतीनुसार ठरतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूमुळे जे उपस्वर दबायला हवेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांना आढळले. तार घोडीच्या वक्र पृष्ठाला हलकेच स्पर्श करत कंप पावते, हे त्याचे कारण होय. प्रत्येक वेळी जवारी काढताना घोडीचा थोडा भाग घासून जातो. जुन्या वाद्यात मूळची घोडी क्वचितच आढळते, ती यामुळेच.

या सर्व कामांचे सूत्र एकच आहे: घोडी दुसरी घालता येते, जवारी पुन्हा काढता येते, पण मुरलेला भोपळा आणि जुनी तबली पुन्हा मिळत नाही. जी दुरुस्ती पुढच्या कारागिराला उलगडता येईल तीच चांगली दुरुस्ती.

== शिरूर–दौंड भागातील वीणा ==

तंबोऱ्याच्याच कुळातील, गळ्यात अडकवून वाजवण्याची वारकरी वीणा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात गावोगावच्या देवळांत आढळते. शिरूर घोडनदीच्या काठी आणि दौंड भीमेच्या काठी वसले आहे. घोडनदी भीमेला मिळते आणि भीमा पुढे पंढरपुरास जाते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे यवत व वरवंड हे मुक्काम दौंड तालुक्यातच आहेत.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. ती आळीपाळीने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. साहजिकच दांडीच्या धरण्याच्या जागी पॉलिश झिजते, तबलीवर बुक्का व गंध साचते आणि हारांच्या ओलाव्याने सांधे सैल होतात. हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. वैशाखातील कोरड्या उन्हाने लाकूड आक्रसते, तर आषाढवारीच्या पावसात सरस ओलावा शोषतो. तडे व सुटलेले सांधे हे दोष म्हणून येथे वारंवार दिसतात.

अशा वीणेची दुरुस्ती करताना झिजेच्या खुणा हा दोष न मानता वापराचा इतिहास मानावा. साचलेला थर कोरड्या, मऊ कापडाने काढावा. कोरलेले नाव घासून वाद्य नव्यासारखे चकचकीत करू नये. पुष्कळदा गावाजवळ त्या दात्याची तेवढीच नोंद उरलेली असते.

== कायदेशीर बाजू ==

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घातली. सांबर व चितळ यांच्या शिंगांच्या व्यापारालाही मनाई आहे. त्यामुळे दुरुस्तीत उंटाचे हाड, शिसव किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. हस्तिदंती जडावाचे जुने वाद्य विकण्यापूर्वी किंवा परदेशी नेण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करणे आवश्यक आहे.

== जतन ==

* वाद्य दीर्घकाळ वापरात नसल्यास तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात.
* ऊन, चूल, ओलसर भिंत आणि पंख्याचा थेट झोत यांपासून ते दूर ठेवावे.
* भोपळ्याला कीड लागत नाही ना, हे पाहत राहावे. खाली पडलेली बारीक भुकटी हे किडीचे लक्षण होय.
* दुरुस्तीपूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. काढलेली घोडी, खुंट्या व जडावाचे तुकडे टाकू नयेत.
* दुरुस्तीची तारीख, कारागिराचे नाव व बदललेले भाग यांची चिठ्ठी वाद्याच्या पेटीत ठेवावी.

== सद्यस्थिती ==

सरावासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा व भ्रमणध्वनीवरील उपयोजने रूढ झाल्याने अनेक घरांतील तंबोरे कोपऱ्यात उभे आहेत. न वाजणाऱ्या वाद्याकडे लक्ष जात नाही आणि कीड लागल्याचे उशिरा कळते. मोठ्या घेराचा, जाड सालीचा भोपळा मिळवणे आणि पुढच्या पिढीला या कामात टिकवणे, या मिरजेतील कारागिरांपुढील मुख्य अडचणी आहेत. भौगोलिक मानांकनामुळे नव्या वाद्याच्या मूळ ठिकाणाला संरक्षण मिळाले. जुन्या वाद्यांची नोंद मात्र त्याने आपोआप होत नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो. देवळांत, शाळांत व घरांत असलेल्या वाद्यांची नोंद करण्यास मापे, छायाचित्रे आणि कोरीव मजकुराची नक्कल एवढी साधने पुरेशी आहेत.

== हेही पाहा ==

* तंबोरा
* सतार
* किराणा घराणे
* वारकरी संप्रदाय
* मेंडोलिन