पवनीची माती कोणी वाहिली?

दोस्तहो, वर्गणी काढून, बस भाड्याने घेऊन आपण सांचीचा स्तूप पाहायला जातो. जायलाच पाहिजे. पण भंडाऱ्याहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर पवनी आहे. तिथल्या टेकड्यांखाली सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा रुंद स्तूप निघाले, हे आपल्या किती पोरांना ठाऊक आहे? म्हणून या लहानशा गावाचा हिशेब मांडतो.

आधी जमीन बघू. पूर्वेला वैनगंगा, बाकीच्या बाजूंनी मातीचा उंच तट आणि त्याला लागून खंदक. एक बाजू नदीने राखली, उरलेल्या माणसांनी. ही नदी पुढे वर्धेला मिळते, प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. म्हणजे पाण्याच्या वाटेने पवनी थेट आंध्राकडे जोडलेली. झाडीपट्टीच्या कोपऱ्यात एवढं जुनं नगर कसं, असं विचारणाऱ्यांनी नकाशा उघडावा.

1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे खणलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्या कामाचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीत सुमारे 38 मीटर व्यासाचा स्तूप निघाला, चांडकापूरच्या टेकडीत 41 मीटरांहून मोठा. सांचीचा 36 मीटरांच्या आसपास. बुद्धाच्या स्तूपावर माती चढली, मातीवर जगन्नाथाचं देऊळ, आणि टेकडीला नाव देवळाचं पडलं. इतिहास असाच दडपला जातो. दरवेळी तलवार लागत नाही, नाव बदललं तरी पुरतं.

कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. एका ठिकाणी फणा काढलेला नाग आहे आणि खाली त्याचं नाव: मुचरिंद नाग. 15 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की, नाग लोकांनी या भागात धम्म पसरवला. तेव्हा ही टेकडी कोणी खणली नव्हती. त्याआधी 1954 मध्ये ते याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना पाडलं. मतं मागत फिरलेल्या जिल्ह्याच्या पोटात हे दगड झोपलेले होते.

पण लगेच हुरळून जाऊ नका. त्या नागाचा आणि आपल्या आज्याचा सातबारा एकच, असं तो दगड सांगत नाही. दगडाच्या तोंडी आपलेच शब्द घातले तर पुराणं रचणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला? दगड सांगतो तेवढंच घेऊ, तेही कमी नाही. धम्म या मातीला नवा नव्हता. 1956 ला आपण परक्या घरात शिरलो नाही.

आणि दगड जे सांगत नाही तेही विचारू. दान देणाऱ्यांची नावं आहेत. महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ आहे. भार राजा भगदत्ताचा लेख आहे. पण खंदक कोणी खणला? तटाची माती कोणाच्या डोक्यावरून गेली? त्यांचं नाव कुठंच नाही.

पुढचंही तसंच. इंग्रजांनी 1867 ला पवनीला नगरपालिका दिली. गाव रेशीमकाठी कापडासाठी नावाजलं, आणि नाव झालं कोष्ट्यांचं. जाडंभरडं कापड विणणाऱ्या महारांच्या मागाची आठवण कोण ठेवतो? 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीचं कापड आलं, हातमाग बसत गेले आणि आपली कितीतरी माणसं गिरणीच्या भोंग्यामागे शहरात गेली. 22 एप्रिल 1988 ला पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते झाली. पायाभरणीच्या दगडावर नाव कोणाचं असतं ते सांगायला नको. ज्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली, ते फक्त यादीतले प्रकल्पग्रस्त.

तेव्हा पोरांनो, पवनीला जा. टेकड्या बघा, तटावरून चाला, खंदकात उतरा. मग आपापल्या गावी परत या आणि म्हाताऱ्यांजवळ बसा. गावचा तलाव कोणी बांधला, वस्ती आधी कुठं होती, माग कोणाकडे होता, विहीर कधी खुली झाली, सगळं वहीत उतरवा, तारीख टाका, माणसाचं नाव लिहा. दोन हजार वर्षांपूर्वी माती वाहणाऱ्याच्या हातात लेखणी नव्हती. आपल्या हातात आहे.