पाठक, दीना

पाठक, दीना : (४ मार्च १९२२ – ११ ऑक्टोबर २००२). गुजराती रंगभूमी व हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्री, दिग्दर्शिका आणि स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या. माहेरचे आडनाव गांधी. जन्म त्या वेळच्या बडोदा संस्थानातील अमरेली येथे. नाट्यदिग्दर्शिका शांता गांधी या त्यांच्या थोरल्या भगिनी.

मुंबईत शिकत असताना त्या विद्यार्थी चळवळीत उतरल्या आणि त्यापायी सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातून त्यांना काढून टाकण्यात आले. पदवी त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातून घेतली. १९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेची स्थापना झाली, तेव्हा दीना व शांता या भगिनी तिच्या गुजराती शाखेच्या आघाडीवर होत्या. ‘इप्टा’त मराठीत शाहीर अण्णा भाऊ साठे व अमर शेख तमाशा-पोवाड्यांतून राजकारण मांडत होते. तेच काम गुजरातीत भवाई या लोकनाट्याने केले. भवाईत स्त्रीच्या भूमिकाही पुरुषच करीत. दीना गांधींनी या लोकनाट्यात स्वतः उभे राहून ब्रिटिश राजवटीविरुद्ध प्रचार केला.

अहमदाबादच्या ‘नटमंडळ’ या नाट्यसंस्थेचे भवाईच्या ढंगाचे मेना गुर्जरी हे त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक. मेनाची भूमिका त्यांची. दिग्दर्शनात जयशंकर ‘सुंदरी’ होते, म्हणजे गुजराती रंगभूमीचे बालगंधर्वच. स्त्रीभूमिकांमुळेच त्यांना ‘सुंदरी’ हे नाव पडले होते. १९५७ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्यासमोर राष्ट्रपती भवनात या नाटकाचा प्रयोग झाला. पुढे सत्यदेव दुबे दिग्दर्शित हयवदन या नाटकातही त्यांनी काम केले.

करियावर (१९४८) हा गुजराती चित्रपट केल्यावर त्या पुन्हा नाटकाकडेच वळल्या. बासु भट्टाचार्यांच्या उसकी कहानीपासून (१९६६) त्या चित्रपटांत स्थिरावल्या, तेव्हा चाळिशी उलटली होती. म्हणजे नायिकेचे वय त्यांनी रंगमंचावर घालवले आणि पडद्याला त्यांची आई-आजीच मिळाली. पण ही आई डोळ्यांना पदर लावणारी नव्हे. गोलमालमधील (१९७९) त्यांची कमला श्रीवास्तव ही मुळात आईच नाही. नायकाच्या थापा निभावण्यासाठी आई झालेली उच्चभ्रू बाई आहे. मागच्या खिडकीतून घरात शिरून ती नायकाचे साहेब झालेल्या उत्पल दत्तांपुढे सोज्वळ माता होऊन बसते. पुढे ते तिला एका पार्टीत पाहतात, तेव्हा त्या मातेची जुळी बहीण म्हणून वेळ मारून नेते. दीनाबाई इथे हिंदी चित्रपटातल्या ‘माँ’चीच नक्कल करतात, तीही चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता. खूबसूरतमधील (१९८०) शिस्तीची निर्मला गुप्ता घर मुठीत ठेवते. तिला खलनायिका होऊ न देण्याचे श्रेय पटकथेइतकेच अभिनेत्रीचे आहे.

हंसा वाडकरांच्या सांगत्ये ऐका या आत्मकथनावर आधारलेला भूमिका, तसेच भवनी भवाई, मिर्च मसाला आणि डेव्हिड लीनचा अ पॅसेज टू इंडिया हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट. लेखक भीष्म साहनींबरोबरची त्यांची जोडी मात्र वेगळी नोंदवायला हवी. सईद मिर्झांच्या मोहन जोशी हाज़िर हो!मध्ये (१९८४) हे दोघे मुंबईतल्या मोडकळीस आलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी मालकाला कोर्टात खेचणारे म्हातारे जोडपे झाले. साहनींच्याच कादंबरीवरील तमस (१९८८) या दूरदर्शन मालिकेत ते फाळणीच्या दंगलीत घर सोडून पळणारे शीख पती-पत्नी, हरनामसिंग व बंतो, होते. पळापळीतही नवऱ्याला धीर देणारी बंतो ही त्यांची सर्वोत्तम भूमिका मानावी लागेल.

चित्रपटांतील व्यस्ततेतही चळवळ सुटली नाही. भारतीय महिला फेडरेशन या डाव्या विचारांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

पती बलदेव पाठक यांचा मुंबईत शिवणकामाचा व्यवसाय होता. रत्ना पाठक शाह व सुप्रिया पाठक या अभिनेत्री त्यांच्या कन्या. १९८० मध्ये दीनाबाईंना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, तो गुजराती रंगभूमीवरील अभिनयासाठी. मुंबईत त्यांचे निधन झाले. पिंजर हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यानंतर, २००३ मध्ये प्रदर्शित झाला.