वाघदेव

वाघदेव : वाघाची कोरीव व रंगवलेली प्रतिमा असलेला लाकडी किंवा दगडी फलक, ‘वाघोबा’ या नावानेही परिचित. नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हे डोंगराळ तालुके आणि लगतचे पालघर व डांग जिल्हे येथील कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाजांत त्याची पूजा होते. तो शिवेवर किंवा रानाच्या कडेला उभा असतो. वाघासोबत बहुधा सूर्य, चंद्र व नाग कोरलेले असतात. अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुराखी त्याला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात आणि गुरांचे रक्षण मागतात.

वाघदेवाला दैवत म्हणून नोंदवून थांबणे अपुरे आहे. तो प्राणिचित्रणाच्या कलेतील एक स्वतंत्र रूप आहे. त्यातला वाघ बहुधा बाजूने दिसतो. अंगावरचे पट्टे, उचललेली शेपटी एवढ्या मोजक्या खुणांत तो उभा राहतो आणि भडक रंगांमुळे दुरूनही ओळखू येतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय चित्रकाराचाच असतो. पूजेची वस्तू कलाकृती कशी, असा आक्षेप येतो. पण अजिंठ्याचे हत्ती आणि हंसही विहारांच्या भिंतींवर व छतांवर, श्रद्धेच्या जागीच रंगवले गेले. वारली चित्रेही मूळची लग्नघरच्या भिंतीवरची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती कागदावर आणि कलादालनांत पोहोचली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वाघदेवाला प्राण्याचे व्यक्तिचित्र मानावे, तर व्यक्तिचित्राला विशिष्ट व्यक्ती लागते, इथे तर कुठलाच एक वाघ नाही. जहांगीराच्या दरबारातील मन्सूरने 1621 च्या सुमारास रंगवलेला झेब्रा खरोखर एकाच प्राण्याचे चित्र आहे. मात्र चित्रकार फ्रान्झ मार्कने 1911 मध्ये घोडा निळा रंगवला तेव्हा हुबेहूबपणा हा प्राणिचित्राचा एकमेव निकष उरला नाही. वाघदेवात माणसाचे वाघाशी असलेले नाते रंगवलेले असते : भय, आदर आणि एकाच रानात राहण्याचा करार. म्हणूनच शेंदराचे नवे थर त्याला बिघडवत नाहीत. ते त्या नात्याचे नूतनीकरण असते. त्याचे जतनही शिवेवर, पूजेसह व्हावे आणि घडवणाऱ्या कारागिराचे नाव नोंदले जावे. संग्रहालयात नेलेला फलक आकार जपेल, पण चित्राला अर्थ देणारा व्यवहार गावातच राहील.