मिसिसिपीच्या मुखाशी घातलेले बांध

आपल्याकडे जेटी म्हटले की लाँच लागण्याचा धक्काच डोळ्यांसमोर येतो. सागरी अभियांत्रिकीत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे : नदीच्या वा खाडीच्या मुखापासून समुद्रात दूरवर नेलेला बांध. असे दोन बांध समोरासमोर घातले की पाण्याला पसरायला जागा उरत नाही. या साध्या तत्त्वासाठी अमेरिकेत एका माणसाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली.

मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला अनेक फाट्यांनी मिळते. मुखाशी पाणी पसरते, वेग मंदावतो आणि सोबत आणलेला गाळ तळाशी बसतो. एकोणिसाव्या शतकात या गाळात जहाजे रुतत, दिवसेंदिवस खोळंबत. न्यू ऑर्लिन्ससारख्या बंदराचा व्यापार चिखलापाशी अडून राही. गाळ उपसावा, तर नदी तो पुन्हा आणून टाकी.

जेम्स ब्युकॅनन ईड्स (१८२०–१८८७) यांचा उमेदीचा काळ याच नदीत बुडालेल्या बोटींतील माल वर काढण्यात गेला. त्यासाठी ते स्वतः नदीच्या तळाशी उतरत. पाण्याचा वेग वाढला की तळाची माती कशी उचलली जाते, हे ज्ञान त्यांना पायांखाली मिळाले होते. पात्र अरुंद करा, नदी स्वतःच गाळ खणून काढील, असे त्यांचे म्हणणे. लष्करी अभियंत्यांचे प्रमुख जनरल हम्फ्रीज यांना ते मुळीच पटले नाही. गाळ आणखी पुढे जाऊन साचेल, त्यापेक्षा कालवा खोदावा, असा त्यांचा आग्रह होता. हे भय काही निराधार नव्हते. तेव्हा ईड्स यांनी अट घातली : ठरलेली खोली मिळाली, तरच पैसे द्या!

१८७५ मध्ये काँग्रेसने परवानगी दिली. पण त्यांनी मागितलेला मोठा नैर्ऋत्य फाटा न देता लहान दक्षिण फाटा दिला. तिथे उथळ जागी पाणी जेमतेम आठ फूट. लाकडी खांब ठोकून, विलोच्या लवचीक फांद्यांच्या प्रचंड गाद्या दगडांच्या भाराने बुडवल्या. त्यांच्या फटी नदीच्याच गाळाने बुजवल्या. (शत्रूलाच गवंडी करण्याची ही युक्ती मला फार आवडते.) १८७९ मध्ये तीस फूट खोलीचा मार्ग सिद्ध झाला.

नदीमुखाशी एवढी उपकारक ठरलेली जेटी उघड्या किनाऱ्यावर मात्र हिशेब मागते. तिथे लाटांबरोबर वाळू किनाऱ्याकडेने सतत सरकत असते. बांध तिला अडवतो. एका बाजूची पुळण रुंदावते, पलीकडची उपाशी राहते. १९३३ च्या चक्रीवादळाने मेरीलंडमधील ओशन सिटीजवळ किनारा फोडून नवे मुख पाडले. ते बोटींसाठी खुले राहावे म्हणून लगेच जेट्या बांधल्या. उत्तरेला शहराची पुळण भरली; दक्षिणेचे असॅटीग बेट मात्र झिजत झिजत मुख्य भूमीकडे सरकले. २००४ पासून गाळ उपसणारे जहाज वर्षातून साधारण दोनदा ती अडलेली वाळू उचलून बेटासमोर नेऊन टाकू लागले.